हेडलाइटचा बल्ब बदलावा का?

सुट्टीत गावी जाताना रात्रीच्या एस.टी.ने तुम्ही कधी ना कधी प्रवास केला असेल. ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा मिळाली असेल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. रस्ता मोकळा असला की गाडीचा झोत लांबवर जातो, कडेची बाभळीची झाडे, मैलाचे दगड एकापाठोपाठ एक उजळत मागे पडतात. समोरून ट्रक येताना दिसला की ड्रायव्हर दिवा ‘डिपर’वर घेतो आणि उजेड एकदम गाडीच्या पुढ्यात येऊन बसतो. ट्रक अगदी जवळ आला की दोन-चार क्षण समोर नुसता प्रकाशाचा गोळा दिसतो. रस्ता दिसत नाही, कड दिसत नाही, कडेने चाललेला माणूसही दिसत नाही. गाडी मात्र धावतच असते.

ज्यांना असा प्रवास नेहमी करावा लागतो, ते गाडीमालक मग एके दिवशी दुकानात जाऊन म्हणतात, ‘जरा जास्त उजेडाचा बल्ब द्या हो.’ दुकानदार तीन-चार प्रकार पुढे टाकतो. एकावर १००/९० असे लिहिलेले असते, एक निळसर काचेचा असतो, एकाला मागे चिमुकला पंखा असतो. किंमत देऊन माणूस घरी येतो, भिंतीवर झोत टाकून पाहतो आणि खूश होतो. पण रस्त्यावर त्याला खरोखरच जास्त दिसते का? आणि समोरून येणाऱ्याचे काय होते? तुम्ही शाळेत जे प्रकाशशास्त्र व वीज शिकला आहात, तेवढ्या भांडवलावर ह्या प्रश्नांची उत्तरे काढता येतात. चला, काढून पाहू.

प्रथम दिव्याची रचना समजून घेऊ. हेडलाइटच्या पाठीमागे अन्वस्त आकाराचा आरसा असतो. अशा आरशाच्या नाभीशी दिवा ठेवला, तर त्याचे किरण आरशावर आपटून एकमेकांना समांतर बाहेर पडतात. म्हणजे लांब पल्ल्याचा झोत मिळतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेल्या एच-४ नावाच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तंतू असतात. त्यांतला एक बरोबर नाभीशी बसतो; तो ‘अप्पर’. दुसरा नाभीपासून किंचित पुढे, काचेच्या बाजूला असतो आणि त्याच्या खाली धातूची एक इवलीशी वाटी असते, तो ‘डिपर’. नाभीच्या पुढच्या बिंदूतून निघालेले किरण आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडले, तर परावर्तित होऊन खाली झुकतात. खालच्या अर्ध्या भागावर पडले, तर वर जातात. हे वर जाणारे किरणच समोरच्याच्या डोळ्यांत शिरतात. म्हणून वाटीची योजना. वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे आरशाचा खालचा भाग अंधारातच राहतो आणि वर जाणारे किरण निघतच नाहीत. ह्या बल्बवर ६०/५५ वॅट असे लिहिलेले असते. वीज खर्चात फरक फक्त पाच वॅटचा, पण प्रकाश अप्परचा सुमारे १६५० ल्युमेन, तर डिपरचा सुमारे १००० ल्युमेन! मधला बराचसा प्रकाश त्या वाटीने गिळलेला असतो. दुसऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिलेली ही किंमत आहे, आणि माझ्या मते ती मुळीच जास्त नाही.

वाटीची एक कड पंधरा अंशांनी उतरती केलेली असते. त्यामुळे आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या कडेवरचा झोत थोडा वर चढतो आणि कडेने चालणारी माणसे जरा लांबून दिसतात. ज्या देशांत वाहने उजवीकडून चालतात, तिथल्या दिव्यांत हा चढ उजवीकडे असतो. तसला दिवा आपल्या रस्त्यावर आणला, तर तो चढ नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडेल. एक-दोन मिलिमीटरच्या जागेत किती विचार भरलेला असतो, पाहिलेत?

हॅलोजन म्हणजे काय, तेही इथेच सांगून टाकतो. साध्या बल्बमध्ये टंगस्टनचा तंतू तापून प्रकाश देतो. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सियसला वितळते, पण त्याच्या पुष्कळ आधीपासून त्याची वाफ होऊ लागते. ती वाफ काचेच्या आतल्या बाजूला बसते, काच काळवंडते आणि तंतू बारीक होत होत तुटतो. तंतू जास्त तापवावा तर प्रकाश वाढतो, पण आयुष्य घटते. ह्या पेचातून अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एल्मर फ्रिड्रिच व एमेट वायली यांनी वाट काढली. १९५९ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. बल्बमध्ये त्यांनी थोडे आयोडीन घातले. तंतूपासून निघालेली टंगस्टनची वाफ काचेजवळच्या, त्या मानाने थंड भागात आली की आयोडीनशी संयोग पावते. हे संयुग वायुरूपात फिरत फिरत पुन्हा तंतूजवळ जाते, तिथल्या प्रखर उष्णतेने फुटते, आणि टंगस्टन परत तंतूवर बसते. आयोडीन पुढच्या फेरीला मोकळे! आयोडीन, ब्रोमीन ही मूलद्रव्ये हॅलोजन गटातली, म्हणून हे नाव. १९६२ साली युरोपात मोटारींसाठी पहिला हॅलोजन बल्ब आला. तो एका तंतूचा होता. दोन तंतूंचा एच-४ आला १९७१ साली.

तुम्ही विचाराल, टंगस्टन परत येते, तर मग हा बल्ब कधीच जाऊ नये! पण परत येणारे टंगस्टन जिथून गेले तिथेच बसेल असे नाही. तंतूचा एखादा भाग बारीक होतच राहतो आणि शेवटी तिथेच तुटतो. शिवाय हे चक्र चालण्यासाठी काचेचे तापमान २५० अंशांच्या वर राहावे लागते. त्यासाठी काच तंतूच्या अगदी जवळ घेतलेली असते आणि ती साधी नसून क्वार्ट्झची किंवा तशाच कणखर जातीची असते. ह्या काचेला बोट लावू नये असे मिस्त्री सांगतात, ते खरे आहे. बोटांचा तेलकटपणा तापून काचेवर जळतो, तो ठिपका बाजूच्या काचेपेक्षा जास्त तापतो आणि काच तिथे दुबळी होते. चुकून हात लागलाच, तर बल्ब थंड असताना स्पिरिटने पुसून घ्यावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ५५ वॅटच्या डिपरऐवजी ९० वॅटचा बसवला. प्रकाश वॅटच्या प्रमाणात वाढतो असे तूर्त धरू. ९० ला ५५ ने भागले की १.६४ येतात. म्हणजे प्रकाश दीडपटीहून अधिक झाला. पण म्हणून पल्ला दीडपट वाढला का? नाही. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हे तुम्ही शिकला आहात. दुप्पट अंतरावरचा माणूस तितकाच उजळून निघायचा, तर चौपट प्रकाश लागतो. त्यामुळे पल्ला वाढतो तो १.६४ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.२८ पट. समजा, जुन्या बल्बने गडद कपड्यातला माणूस ५० मीटरवर दिसत होता. तो आता ६४ मीटरवर दिसायला हवा.

‘हवा’ असे मी म्हणतो आहे, कारण अजून वीज कुठून येते ते आपण पाहिलेले नाही. गाडीतली वीज बॅटरीपासून स्विचपर्यंत, तिथून होल्डरपर्यंत आणि परत अर्थिंगमधून बॅटरीकडे, असा लांबचा प्रवास करते. ह्या वाटेवर बारीक तारा असतात, गंजलेले जोड असतात, कार्बन धरलेले पॉइंट असतात. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा विद्युतदाब खर्ची पडतो. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्ट असले, तरी बल्बपाशी १३ च पोचले, असे सहज होऊ शकते. आणि तापलेल्या तंतूचा स्वभाव असा, की दाब थोडा घटला तर प्रकाश फार घटतो. प्रकाश साधारणपणे दाबाच्या ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. दाब दहा टक्के कमी झाला, तर प्रकाश तीस टक्के जातो! काही जुन्या मोटारसायकलींत दिव्याची वीज थेट इंजिनावरच्या मॅग्नेटोतून येत असे. रेस कमी झाली की त्यांचा दिवा कसा तांबूस होऊन मिणमिणतो, ते पाहिले असेल तर हा नियम तुम्हाला वेगळा पटवून द्यायला नको.

बारा व्होल्टच्या हिशेबाने ५५ वॅटच्या दोन दिव्यांना मिळून सुमारे ९.२ अँपियर प्रवाह लागतो. ९० वॅटच्या दोन दिव्यांना लागतो १५ अँपियर. तार तीच, रोध तोच, म्हणून वाटेत खर्ची पडणारा दाबही त्याच प्रमाणात वाढणार. आधी एक व्होल्ट जात होता, आता १.६ जाईल. बल्बपाशी पोचतील १२.४ व्होल्ट. ३.४ व्या घाताचा नियम लावला, तर नव्या बल्बचा जवळजवळ पंधरा टक्के प्रकाश ह्यातच गेला. १.६४ पट म्हणता म्हणता हाती राहिला १.३९ पट. त्याचे वर्गमूळ १.१८. पन्नास मीटरवरून आपण एकोणसाठवर आलो. हिशेब ढोबळ आहे, पण निष्कर्ष ढोबळ नाही: भरपूर पैसे आणि वीज खर्चून नऊ मीटर मिळाले. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी नऊ मीटर अंतर ०.४ सेकंदात कापते.

आणि ह्या नऊ मीटरांपायी तारांचे काय होते? तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह १.६४ पट, म्हणजे उष्णता २.७ पट. होल्डरचे प्लॅस्टिक मऊ पडते, तारेवरचे आवरण कडक होऊन तडकते, आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर डागाळतो. समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाणारा प्रकाशही वाढतो, ते वेगळेच.

ह्याउलट एक साधा उपाय पाहा. बल्ब जुनाच, ६०/५५ चा ठेवला. फक्त बॅटरीपासून जाड तार काढून मध्ये एक रिले बसवला. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. ड्रायव्हरसमोरच्या स्विचमधून आता फक्त चुंबकापुरता अगदी थोडा प्रवाह जातो आणि दिव्याचा मोठा प्रवाह जवळच्या वाटेने जाड तारेतून जातो. वाटेत एक व्होल्टऐवजी ०.२ व्होल्ट गेला असे धरा. बल्बपाशी १३.८ व्होल्ट पोचले. प्रकाश किती वाढला? सुमारे बावीस टक्के! पल्ला ५० वरून ५५ मीटर. मोठ्या बल्बने जे नऊ मीटर मिळत होते, त्यांतले पाच आपल्याला जुन्या बल्बनेच मिळाले. फुकट मात्र काहीच मिळत नाही. दाब वाढला की तंतू जास्त तापतो आणि आयुष्य घटते. पाच टक्के दाब वाढला, तर बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते. ज्याने हे काम करायचे, त्याने बॅटरीजवळ योग्य फ्यूज घातलाच पाहिजे. ते ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम आहे. तुम्ही नुसते शेजारी उभे राहून पाहा, पुष्कळ शिकायला मिळेल.

त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे ओले फडके. पावसाळी चिखलाचा थर काचेवर असला, की तो काही प्रकाश खातो आणि उरलेल्यातला काही भलतीकडे पसरवतो. अलीकडच्या गाड्यांची पुढची काच खरे तर काच नसतेच, ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते काही वर्षांत पिवळे आणि धुरकट होते. अशा दिव्यात कितीही महागाचा बल्ब घाला, मळक्या खिडकीतून चांदणे पाहण्यासारखाच तो प्रकार.

वर्गाच्या नियमावर तुमचा विश्वास बसला नसेल, तर स्वतः प्रयोग करा. एका पांढऱ्या कागदाच्या मध्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून पुसून घ्या. अंधाऱ्या खोलीत कागद उभा धरा. एका बाजूला एक मेणबत्ती तीस सेंटिमीटरवर ठेवा, दुसऱ्या बाजूला तशाच चार मेणबत्त्या एकमेकींना खेटून ठेवा. चार मेणबत्त्या मागेपुढे सरकवत राहा. एक अंतर असे येईल, की तेलाचा डाग जवळजवळ नाहीसा होईल. त्या वेळी कागदावर दोन्हीकडून सारखा प्रकाश पडतो आहे. अंतर मोजा, ते साठ सेंटिमीटरच्या आसपास येईल. बुन्सेन बर्नरमुळे ज्याचे नाव तुम्हाला ठाऊक आहे, त्याच बुन्सेनची ही युक्ती. आता बॅटरीचे तंतूवाले दोन सारखे बल्ब घ्या (एलईडी नकोत). एक दोन सेलवर आणि दुसरा एकाच सेलवर पेटवा. दाब निम्मा, मग प्रकाशही निम्मा असेल का? डाग नाहीसा करून अंतरे मोजा आणि त्यांचे वर्ग करून पाहा. एका सेलवरचा बल्ब जेमतेम दहाव्या हिश्शाच्या आसपास प्रकाश देतो आहे असे आढळेल. त्याचा प्रकाश तांबूस असल्यामुळे डाग पुरता पुसला जाणार नाही, उत्तर थोडे इकडेतिकडे होईल. त्याची फिकीर करू नका.

निळसर बल्बांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. काचेवरचा निळा थर तंतूच्या प्रकाशातला पिवळा-तांबडा भाग शोषून घेतो, म्हणजे प्रकाश कमीच होतो. जास्त पांढरे दिसते म्हणून जास्त उजेड वाटतो, इतकेच. गंमत म्हणजे फ्रान्समध्ये ह्याच्या उलट, पिवळ्या दिव्यांचीच सक्ती होती आणि ती १९९३ सालापर्यंत टिकली. पिवळा दिवा धुक्याला भेदतो असा आपल्याकडेही समज आहे. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यामुळे सगळ्या रंगांना ते जवळजवळ सारखेच विखुरतात. धुक्यात उपयोग होतो तो दिवा खाली, जमिनीजवळ असण्याचा.

पंख्याच्या एलईडी बल्बचे प्रकरण जरा निराळे आहे. एलईडी हा उत्तम प्रकाशस्रोत आहे, त्याविषयी वाद नाही. ज्या हेडलाइटची रचनाच एलईडीसाठी केलेली असते, तो फार चांगला झोत देतो. अडचण येते ती हॅलोजनच्या घरात एलईडीला राहायला पाठवल्यावर. हॅलोजनचा तंतू म्हणजे बारीक दंडगोल, तो चहूबाजूंना प्रकाश फेकतो आणि तो कुठे असावा हे मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेले असते. एलईडीच्या चकत्या पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या, जाडी वेगळी, आकार वेगळा. नाभी चुकली की आरसा बिचारा काय करणार? प्रकाश पुष्कळ निघतो, पण डिपरच्या झोताची वरची रेघ फिसकटते आणि प्रकाश नको तिथे सांडतो. भिंतीवर पाहणाऱ्या मालकाला तोच लख्ख वाटतो. समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाला मात्र काही काळ जगच दिसेनासे होते.

हे ‘दिसेनासे होणे’ नुसते बोलण्यापुरते नाही. प्रखर प्रकाश डोळ्यात शिरला की भिंगात आणि आतल्या द्रवात तो थोडा विखुरतो, आणि दृष्टिपटलावर धुरकट पडदा पसरल्यासारखे होते. त्या पडद्याआड मंद उजळलेल्या वस्तू लपून जातात. वय वाढते तसे भिंग धूसर होत जाते आणि हा त्रास वाढतो. आजोबा रात्री गाडी चालवायला नको म्हणतात ते उगाच नाही. शिवाय अंधाराला सरावलेल्या दृष्टिपटलातले प्रकाशसंवेदी द्रव्य प्रखर प्रकाशाने विरून जाते, ते पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. डोळा पूर्ण अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. झोत निघून गेल्यावर कामापुरते दिसू लागायलाही काही सेकंद जातात, आणि ताशी साठच्या वेगाने दर सेकंदाला सतरा मीटर रस्ता आंधळेपणाने मागे पडतो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये झोत कसा असावा ते घालून दिले आहे: गाडीपुढे आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला दिपवणार नाही इतका तो कायमचा खाली वळलेला हवा.

खाली म्हणजे किती? मोटारीच्या दिव्याची उंची ६५ सेंटिमीटर धरा. डिपरची वरची रेघ दर मीटरला एक सेंटिमीटर उतरत जाईल असा दिवा लावला, तर झोत ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. दर मीटरला दोन सेंटिमीटर उतरवला, तर ३२ मीटरवरच टेकतो; निम्मा पल्ला गेला! सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूची रेघ मारा, आणि उजेडाची कड तिच्या दहा सेंटिमीटर खाली येते का ते पाहा. हा प्रयोग करताना मागच्या आसनावर आणि डिकीत वजन टाकून पुन्हा पाहा. पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल आणि मागचा भाग पाच सेंटिमीटर दबला, तर गाडीचे तोंड दर मीटरला दोन सेंटिमीटर वर उचलले जाते. एक खाली होते, ते आता एक वर झाले. पन्नास मीटरवर ही कड ११५ सेंटिमीटर उंचीवर पोचते, आणि समोरच्या मोटारीत बसलेल्याचा डोळा साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. पुष्कळ मोटारींत ह्याचसाठी ० ते ३ आकडे असलेले एक चाक असते. लग्नाला सहकुटुंब निघालेल्या किती जणांनी ते कधी फिरवले असेल, देव जाणे!

दिसणे आणि थांबणे ह्यांचाही मेळ घालून पाहू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकने वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असे धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी २५ अधिक २३, म्हणजे ४८ मीटरांत थांबते. ताशी ८० ला लागतात ७४ मीटर, आणि ताशी १०० ला १०६. आपला बल्ब ५० मीटर दाखवत होता, मोठा बल्ब ५९. म्हणजे ताशी साठला जुना बल्ब पुरतो आणि ताशी ऐंशीला नवाही पुरत नाही.

मात्र हे सारे गडद कपड्यातल्या माणसाचे झाले. पांढरा सदरा पडलेल्या प्रकाशातला बराचसा भाग परत पाठवतो, काळी घोंगडी अगदीच थोडा. पण सदराही प्रकाश चहूकडे उधळतो; ड्रायव्हरच्या वाट्याला त्यातला कणभरच येतो. सायकलच्या मागे जो लाल प्लॅस्टिकचा परावर्तक असतो, तो जवळून पाहा. त्याच्या पाठीमागे बारीक बारीक कोपरे दिसतील. प्रत्येक कोपरा म्हणजे एकमेकांना काटकोनात असलेले तीन चिमुकले आरसे. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण तीनदा परावर्तित होऊन ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत जातो. गाडीचा दिवा आणि ड्रायव्हरचा डोळा लांबून पाहता जवळजवळ एकाच जागी असतात. त्यामुळे तो एवढासा तुकडा शेकडो मीटरवरून लालबुंद चमकतो, आणि त्यासाठी ना बॅटरी लागते ना तार. ऊसतोडणीच्या हंगामात रात्री रस्त्याकडेला उभी असलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली ज्यांनी ऐन वेळी पाहिली आहे, त्यांना ह्या तुकड्याची किंमत सांगावी लागत नाही. बैलगाडीच्या मागे, ट्रॉलीच्या फळीवर असे चार तुकडे किंवा चमकणारी पट्टी लावायला अर्धा तास पुरतो.

लावून झाल्यावर रात्री आठ-दहा पावले मागे जा. बॅटरी कानशिलाशी धरून त्यावर प्रकाश टाका, परावर्तक झगझगेल. आता डोके तिथेच ठेवून बॅटरीचा हात बाजूला पूर्ण लांब करा. झोत अजून त्याच्यावरच आहे, पण चमक जवळजवळ विझते. किरण परत गेले आहेत, पण तुमच्या डोळ्याकडे नाही, तुमच्या हाताकडे.